सहाशे पानांपुढे तीनदा माघार

पत्र: सिडकोत राहतो, वय ३८. सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. कंपनीच्या बसने जाताना-येताना वाचायची सवय आहे, पण सहसा दीड-दोनशे पानांची पुस्तकं. दोन वर्षांपूर्वी पुस्तक प्रदर्शनात भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' घेतली. तीन वेळा सुरू केली आणि तिन्ही वेळा शंभर-एकशेदहा पानांच्या आसपास सुटली. दर वेळी महिना-दीड महिना गेला की पुन्हा पहिल्या पानापासून. दहावीच्या सुट्टीत 'मृत्युंजय' मात्र पंधरा दिवसांत संपवली होती. आता डोकंच बसत नाही का? मिसेस म्हणते, एवढ्या वेळात चार पुस्तकं झाली असती. एक मित्र सांगतो, वाचायचंच तर 'वॉर अँड पीस' वाच. खरं सांगा, एवढ्या लांब कादंबऱ्या वाचण्यात काही अर्थ आहे, की नुसतं 'वाचली' म्हणून सांगायला वाचायच्या? – एक वाचक, सिडको, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक हिशेब दडलेला आहे, तो आधी मांडू. एकशेदहा पानं तीनदा म्हणजे ३३० पानं. 'हिंदू' सहाशे पानांच्या घरातली आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त कादंबरी होईल एवढं वाचन तुमच्याकडून झालेलं आहे, फक्त ते सगळं एकाच जागी झालं. चिकाटी कमी पडली असं यावरून अजिबात म्हणता येत नाही. चूक पुन्हा पहिल्या पानावर जाण्यात आहे, आणि मोठ्या कादंबऱ्या अर्धवट राहण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच आहे.

कोणत्याही मोठ्या कादंबरीची पहिली शंभर पानं सगळ्यात जड असतात. माणसं नवी, नाती नवी, गावाचा नकाशा डोक्यात नाही, लेखकाची वाक्यं कानाला सरावलेली नाहीत. ही जकात एकदा भरावी लागते. दीडशे-दोनशे पानांनंतर तेच लेखन त्याच वाचकाला सोपं जातं, कारण एव्हाना अर्धी माहिती त्याच्याजवळ जमा झालेली असते. तुम्ही जकात तीनदा भरली आणि नाक्याच्या पलीकडे एकदाही गेला नाहीत. शिवाय तीच पानं तिसऱ्यांदा वाचताना त्यांतला ताजेपणा गेलेला असतो, मग पुस्तकच कंटाळवाणं आहे असं वाटायला लागतं.

तेव्हा चौथ्यांदा सुरुवात करू नका. जिथे सोडली तिथून वीस पानं मागे या. म्हणजे ११० वर थांबला असाल तर ९० पासून धरा. त्याआधीच्या पानांतलं काही आठवत नसेल तर नसू द्या. मोठ्या कादंबरीत महत्त्वाची माणसं आणि गोष्टी पुन्हा पुन्हा येतातच, आणि जे पुन्हा येत नाही त्यावाचून बहुधा अडत नाही. चार-पाच दिवसांचा खंड पडला तर पाच पानं मागे, दोन आठवड्यांचा पडला तर दहा-पंधरा, त्याहून जास्त असेल तर वीस. याहून मागे जायचं नाही.

आता मूळ प्रश्न. अर्थ आहे, पण सगळ्याच लांब कादंबऱ्यांत नाही. आणि जिथे आहे तिथे तो लांबीमुळेच आहे.

दोनशे पानांच्या कादंबरीत 'तीस वर्षं लोटली' हे एका ओळीत सांगता येतं. वाचकाला ते कळतं, पण ती तीस वर्षं त्याच्या अंगावरून जात नाहीत. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' दोन खंडांची आहे, एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची. ती वाचायला दोन-तीन महिने लागतात. या महिन्यांत तुमच्या घरी दोन-चार पाहुणे येऊन जातात, एखादं आजारपण होतं, पोराची परीक्षा होते. आणि दुसऱ्या खंडात जेव्हा आधीच्या पिढीतल्या एखाद्या करणीचा उल्लेख येतो, तेव्हा तुम्हाला ती आपल्याच घरातली जुनी गोष्ट आठवावी तशी आठवते: थोडी पुसट, थोडी बदललेली. वाचकाच्या स्वतःच्या विसरण्या-आठवण्यातून काळ उभा करणं छोट्या कादंबरीला जमत नाही. तो तिचा कमीपणा नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ला एक पान वाढवावं असं कुणाला वाटणार नाही. ते काम वेगळं आहे.

म्हणून 'एवढ्या वेळात चार पुस्तकं झाली असती' हा घरातला हिशेब पानांपुरता बरोबर आहे. चार पुस्तकांतून चार अनुभव मिळतात, मोठ्या कादंबरीतून एकाच माणसांबरोबर दोन महिने राहिल्याचा अनुभव मिळतो. दोन्हीची अदलाबदल होत नाही. वर्षाकाठी एक मोठी आणि बाकी छोटी, असं प्रमाण नोकरी करणाऱ्या माणसाला झेपतं. दोन मोठ्या पाठोपाठ घेऊ नयेत. पहिलीची माणसं डोक्यातून उठलेली नसतात, त्यामुळे दुसरीवर अन्याय होतो.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा तपशील 'मृत्युंजय'चा आहे. शिवाजी सावंतांची ती कादंबरी सातशेहून अधिक पानांची. ती पंधरा दिवसांत संपते आणि सहाशे पानांची संपत नाही, म्हणजे अडचण लांबीची नाही. 'मृत्युंजय'चे नऊ भाग आहेत आणि सांगणारी माणसं सहा: कर्ण चार वेळा, आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण एकेकदा. दर सत्तर-ऐंशी पानांनी बोलणारा बदलतो, आवाज बदलतो, वाचकाला दम खायला जागा मिळते. शिवाय महाभारत आपल्याला आधीच ठाऊक. कोण कुणाचा मुलगा हे लक्षात ठेवायचे कष्ट नाहीत. पुढे काय होणार हे माहीत असूनही ते कसं होणार यासाठी आपण वाचत जातो. म्हणजे पहिल्या शंभर पानांची जी जकात म्हटली, ती 'मृत्युंजय'साठी आजी-आजोबांनी आपल्या लहानपणीच भरून ठेवलेली होती.

'हिंदू'ची गोष्ट उलटी. ती मोहेंजोदडोच्या उत्खननावर सुरू होते, नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, आणि तिथून तो आपल्या मोरगावाकडे निघतो. ही सुरुवात म्हणजे पुस्तक कसं वाचायचं याची सूचनाच आहे. उत्खननात 'पुढे काय झालं' असं विचारत नाहीत, 'याच्या खाली काय आहे' असं विचारतात. एका आठवणीच्या पोटातून दुसरी निघते, तिच्यातून एखादी आत्या, एखादी जात, एखादं गाणं, एखादी पिकाची पद्धत. तुम्ही कथानकाचा धागा धरून वाचत असाल तर शंभराव्या पानापर्यंत तो हातात राहत नाही, आणि आपण हरवलो असं वाटून पुस्तक खाली ठेवलं जातं. कादंबरीच्या पूर्ण नावात 'जगण्याची समृद्ध अडगळ' हे शब्द आहेत. माळ्यावर चढल्यासारखी ती वाचावी: जे हाताला लागेल ते झटकून पाहायचं, सगळं एका ओळीत लागायला हवं असा हट्ट धरायचा नाही. प्रत्येक भावकीतला माणूस लक्षात राहिलाच पाहिजे असंही नाही.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, तिचा फायदा घ्या. मोरगाव खानदेशातलं. सिडकोत खानदेशातून आलेली घरं गल्लोगल्ली आहेत. कादंबरीतली बोली, शिव्या, शेतीचे शब्द जिथे अडतील तिथे शेजारच्या एखाद्या वयस्क माणसाला पान वाचून दाखवा. डोळ्यांनी अडखळणारी बोली मोठ्याने वाचली की पुष्कळदा आपोआप उलगडते. एकट्याने वाचतानाही अडलेला परिच्छेद ओठ हलवून वाचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता शिफ्टचं. रोज अमुक पानं वाचायची हा नियम फिरत्या शिफ्टवाल्याला मोडायलाच केलेला असतो. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो मोडतो आणि मोडला की माणूस पुस्तकच सोडतो. त्याऐवजी तीन आठवड्यांचं एक चक्र धरा. आधी स्वतःचा वेग मोजा: मोबाइलवर वीस मिनिटं लावा, नेहमीसारखं वाचा, पानं मोजा. साध्या निवेदनाची नऊ-दहा पानं होतात, 'हिंदू'सारख्या दाट मजकुराची सहा-सात. वेग वाढवायच्या भानगडीत पडू नका, फक्त आकडा माहीत असू द्या.

पहिल्या पाळीत जाता-येता बसमध्ये मिळून १८ पानं सहज होतील, सहा दिवसांची १०८. दुसऱ्या पाळीत सकाळ मोकळी असते, नाश्त्यानंतर तासभर बसलात तर २० पानं, आठवड्याची १२०. रात्री बारानंतर परतीच्या बसमध्ये अंधारात मोबाइलच्या उजेडावर वाचू नका, डोळे दुखतात आणि वाचलेलं सकाळी आठवत नाही. तिसऱ्या पाळीत दुपारी उठल्यावर फक्त ८ पानं, म्हणजे ४८. हा आठवडा पुढे सरकण्याचा नाहीच. धागा तुटू नये एवढंच त्याचं काम. तीन साप्ताहिक सुट्ट्यांना ३० प्रमाणे ९०. एकूण ३६६ पानं तीन आठवड्यांत. तुमची ४९०-५०० पानं शिल्लक आहेत, म्हणजे चार ते साडेचार आठवडे. दोन वर्षं उशाशी पडलेलं पुस्तक महिन्याभराचं आहे.

सुरुवात पहिल्या पाळीच्या सोमवारी करा, तिसऱ्या पाळीत नको. पहिले दोन आठवडे लागोपाठ चांगले मिळाले पाहिजेत, म्हणजे तिसरा हलका गेला तरी चालतो. नाशिक-पुणे रस्त्यावर मोहदरी घाटात बस वळणं घेते, तिथे पुस्तक मिटून ठेवा. हलत्या ओळींवर नजर ठेवली की मळमळतं, आणि दोन-तीन दिवस असं झालं की मन पुस्तकाचाच संबंध मळमळीशी जोडतं. घाटातली ती काही मिनिटं आत्ता काय वाचलं ते मनात फिरवायला वापरा. याने वाचलेलं पक्कं होतं.

थांबायचं कुठे, हेही महत्त्वाचं. बहुतेक जण प्रकरण संपल्यावर थांबतात. प्रकरण संपलं की एक दार बंद झालेलं असतं, दुसऱ्या दिवशी नवं उघडायला जोर लावावा लागतो. एखादा प्रसंग निम्म्यावर आला असताना थांबा, पुढचं वाक्य काय असेल असं वाटत असताना. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडताक्षणी तुम्ही आत असता. खुणेला बोटभर रुंदीची कागदाची पट्टी ठेवा आणि तिच्यावर रोज चार-पाच शब्द लिहा, तारीख आणि पान क्रमांकासह: 'आत्याचं येणं, विहिरीचं भांडण' असं काही. महिन्याच्या शेवटी ही पट्टी म्हणजे तुमचा गोषवारा असतो, आणि मध्ये खंड पडला तर वीस पानं मागे जाण्याआधी नुसती ती वाचली तरी पुष्कळ आठवतं. पानाचे कान दुमडू नका. कागद जुना झाला की दुमड तुटते.

माणसांसाठी वेगळं कार्ड करा. ड्रॉइंगच्या जाड कागदाचा पोस्टकार्डाएवढा तुकडा पुरतो. वर मधोमध मुख्य माणूस, त्याच्या वर आईबाप, बाजूला भावंडं, खाली मुलं, आणि कडेला गावातली मंडळी. प्रत्येक नावापुढे एकच खूण: 'तंबाखू', 'लंगडा', 'कोर्टकचेरी'. सगळी नावं पहिल्याच दिवशी लिहायला बसू नका. एखादं नाव तिसऱ्यांदा आलं की मगच कार्डावर घ्या. दोनदा येऊन जाणाऱ्या माणसांनी कार्ड भरलं की ते निरुपयोगी होतं. आणि छापील वंशावळ पुस्तकात असली तरी स्वतःची करा, कारण लिहिताना जे लक्षात राहतं ते बघून राहत नाही.

पुस्तकाच्या वजनाचाही विचार करा. सहाशे-आठशे पानांचं पुठ्ठा बांधणीचं पुस्तक उताणं झोपून छातीवर धरलं तर दहा मिनिटांत मनगट भरून येतं आणि झोप लागते. मग 'पुस्तक झोप आणतं' असा निष्कर्ष निघतो. बसून, मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर पुस्तक ठेवून वाचा. नवं जाड पुस्तक मधोमध उघडून दाबू नका, शिवण किंवा डिंक तिथेच फाटतो आणि पुढे पानं सुटतात. पाठीचा कणा टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे दोन बाजूंना आडवे करा, मग सुरुवातीची दहा-बारा पानं तळव्याने हलकेच खाली दाबा, मग शेवटची दहा-बारा, पुन्हा पुढची, पुन्हा मागची, असं करत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मग बसमध्ये पुस्तक एका हाताने उघडं राहतं.

मित्राच्या 'वॉर अँड पीस'बद्दल. टॉलस्टॉयची ही कादंबरी नावाने धाक दाखवते तितकी कठीण नाही. तिची ३६१ प्रकरणं आहेत आणि बहुतेक छोटी. रोज एक वाचलं तरी वर्षात संपते, अनेक जण तशीच वाचतात. अडखळायला होतं ते अगदी सुरुवातीला. १८०५ सालची पीटर्सबर्गमधली एक बैठक, एकामागून एक येणारे सरदार, मध्ये फ्रेंच बोलणं. तिथे कार्डावर फक्त पाच घराणी लिहा: रोस्तोव, बोल्कोन्स्की, बेझुखोव, कुरागिन, द्रुबेत्स्कोय. जो माणूस भेटेल त्याला यांपैकी एका घरात टाका. रशियन माणसाला स्वतःचं नाव, बापाच्या नावावरून आलेलं नाव, आडनाव आणि लाडाचं नाव असतं, आणि कोण बोलतंय त्यावर कोणतं वापरायचं ते ठरतं. नताशा आणि नताल्या इल्यिनिच्ना एकच. आपल्याकडे एकच माणूस घरात बापू, भावकीत तात्या आणि कचेरीत रावसाहेब असतो, तसंच हे. शेवटी उपसंहाराचे दोन भाग आहेत. दुसरा भाग इतिहास कसा घडतो यावरचा निबंध आहे, त्यात कुणाचंही पुढे काही होत नाही. तो नंतर, स्वतंत्र वाचला तरी कादंबरी पूर्ण वाचली असंच समजा.

मराठीत घेणार असाल तर एक गोष्ट तपासा. परदेशी कादंबऱ्यांची मराठी पुस्तकं पुष्कळदा संक्षिप्त असतात, आणि ते मुखपृष्ठावर नेहमी मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. आतल्या पानावर 'संक्षिप्त', 'रूपांतर', 'स्वैर अनुवाद' यांपैकी काही आहे का बघा. काहीच नसेल तर प्रकरणं मोजा. 'वॉर अँड पीस' चारशे पानांत मावत असेल तर ती सारांशरूप आहे. सारांश वाचायला हरकत नाही, पण लांब कादंबरीने काय मिळतं हा जो तुमचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर त्यातून मिळणार नाही. ऐकण्याच्या पुस्तकांनाही हेच लागू. आणि ऐकायचंच तर घटनाप्रधान कादंबरी ऐका. आठवणींवर चालणारी ऐकताना निसटते, कारण कानाला दोन पानं मागे जाता येत नाही.

पानं गाळावीत का? गाळावीत, पण अंदाज घेऊन. ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'मध्ये वॉटर्लूच्या लढाईवर सलग १९ प्रकरणं आहेत. कथानकाच्या घाईत असलेला वाचक ती सगळी उलटून पुढे जातो, आणि एकोणिसाव्या प्रकरणात, रात्रीच्या रणांगणावर, तेनार्दिए हा लबाड खाणावळवाला प्रेतं लुटताना कर्नल पाँमर्सीला, म्हणजे पुढे येणाऱ्या मारियस या तरुणाच्या बापाला, ओढून काढतो ते त्याला कळतच नाही. पुढे शेकडो पानांनंतर त्या रात्रीचं देणं-घेणं कथेत परत येतं. तेव्हा लांब वर्णन गाळायचं असेल तर त्याचं शेवटचं प्रकरण, किंवा निदान शेवटची दोन पानं, वाचूनच पुढे जा. लेखक विषयांतर करतो तेव्हा परतीची वाट बहुधा तिथे ठेवतो.

जुन्या कादंबऱ्यांत तोच तोच मजकूर पुन्हा आल्यासारखा वाटतो, त्याचंही कारण आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' आधी 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः आली. आठवड्याने अंक हातात घेणाऱ्या वाचकाला मागचं आठवून देणं भाग होतं. आपण तेच तीन बैठकांत वाचतो आणि पाल्हाळ म्हणतो. अशी पुस्तकं आठवड्याला एक-दोन प्रकरणं याच वेगाने वाचावीत. त्यांची घडणच तशी आहे. रोज पन्नास पानं रेटणाऱ्यालाच त्यांचा जास्त कंटाळा येतो.

पण प्रत्येक लांबीला असं कारण नसतं, हेही तितकंच खरं. मराठीत ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांची लाट मोठी आली, आणि तिच्याबरोबर विशेषणांनी फुगलेली बरीच पुस्तकंही आली. दरबार भरला की झुंबरं, हंड्या, जरीचे लोड. स्वारी निघाली की शेला, शिरपेच, तलवारीची मूठ. आणि प्रत्येक संवादानंतर डोळ्यांत तरळणारं पाणी. टिपणं काढली म्हणून ती सगळी छापली असाही प्रकार असतो. हे वाईट वाटतं, कारण अशा एका पुस्तकाने वाचक दहा चांगल्या मोठ्या पुस्तकांना मुकतो. ओळखायची रीत सोपी आहे. दीडशेव्या पानाच्या आसपास थांबून पाहा: पहिल्या पन्नास पानांतली एखादी गोष्ट वेगळा अर्थ घेऊन परत आली का? एखादा किरकोळ वाटलेला माणूस मोठा झाला का? मुख्य माणसाबद्दल तुमचं मत एकदा तरी हललं का? यांपैकी एकही नसेल, तर पुढच्या पाचशे पानांत ते होण्याची शक्यता कमी. विकत घेण्याआधी ग्रंथालयात किंवा दुकानात उभ्यानेच तीन ठिकाणी वाचा: पहिली पाच पानं, एकतृतीयांशावरची दोन आणि दोनतृतीयांशावरची दोन. शेवटच्या ठिकाणची वाक्यं पहिल्या पानांपेक्षा सैल, घाईची किंवा तीच तीच वाटली तर पुस्तक परत ठेवा.

सोडायचं ठरलं तरी नीट सोडा. पट्टीवर तारीख, पान क्रमांक आणि का सोडलं ते एका ओळीत लिहा, पट्टी पुस्तकात राहू द्या. 'कंटाळा' असं लिहू नका, 'नावं कळत नाहीत' किंवा 'वर्णनं फार' असं नेमकं लिहा. पहिलं कारण कार्डाने दुरुस्त होण्यासारखं आहे, दुसरं नाही. सहा महिन्यांनी ती ओळ वाचून पुन्हा धरायचं की कुणाला देऊन टाकायचं ते ठरवता येतं.

'हिंदू'ला पान २५० पर्यंत मुदत द्या. तुमच्या चक्राप्रमाणे तिथे पोहोचायला नऊ-दहा दिवस लागतील. तोवरही ती लागली नाही, तर ती बाजूला ठेवून 'तुंबाडचे खोत' घ्या. तिची लांबी पिढ्यांची आहे, एकामागून एक येणाऱ्या. 'मृत्युंजय' आवडलेल्या वाचकाला ती लवकर धरते, आणि तिच्यावर दम वाढला की 'हिंदू'कडे परतणं सोपं जातं. विकत घेण्याआधी ग्रंथालयात पाहा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. तिथे नाही तर जवळच्या कुठल्याही वाचनालयात ती मिळण्यासारखी आहे. कारखान्यात किंवा कॉलनीत आणखी काही वाचणारे असतील तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाची शंभर पुस्तकांची पेटी मिळवता येईल का, तीही चौकशी करा. एकाच वेळी तीच कादंबरी वाचणारा दुसरा माणूस बसमध्ये शेजारी असला तर मधली दोनशे पानं केव्हा गेली ते कळत नाही.

मात्र दोन खंडांचं पुस्तक ग्रंथालयातून नेताना पहिला खंड नोंदवण्याआधी दुसरा शेल्फावर आहे का ते विचारा, आणि बाहेर गेलेला असेल तर तुमच्या नावावर राखून ठेवायला सांगा. पुस्तक किती दिवसांसाठी मिळतं ते कार्डावर पाहून घ्या. मुदत पंधरा दिवसांची असेल तर प्रत्येक खंडासाठी निदान दोन वेळा नूतनीकरण लागेल, आणि ते तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात येत असेल तर आदल्या सुट्टीलाच उरकून घ्या.